दोन घराण्यांचे विंचू

६ फेब्रुवारी २०२४

सहा नंबरचं पोट आणखी फुगलंय! कवचाच्या फटींतून कडेने पांढरं दिसायला लागलं. पंधरावा महिना. हत्तिणीशी पैज लावली आहे हिने.

लिफ्ट पुन्हा बंद. म्हणजे आजही बाहेर नाही. चार मजले उतरायचं म्हणजे खाली पोचेपर्यंत मनात नवरा, लोयझा, पलंगावरून पडलेला असतो, आणि मी पिठाची पिशवीसुद्धा न घेता परत वर.

ऑस्ट्रावाच्या ओटाकारचं पत्र आलं संगणकावर. 'म्हाताऱ्या, बारा नंबरचा नर धष्टपुष्ट आहे. इवेटाकडे पाठवू की नको ते एकदाचं सांग. का आपण दोघं मेल्यावर सांगणार आहेस?'

उत्तर दिलं — 'गाढवा, बाहेर उणे सहा आहे. बर्फ पाठवायचाय का तिला? एप्रिल.' खाली सही — लोयझा.

आज मोजलं. पंधरा महिने मी लोयझा आहे. सहा नंबरचे महिने आणि माझे महिने एकच. तेव्हा जोडी लावायला ओटाकारचा बारा नंबर आमच्याकडे आलेला होता. पेटीचं झाकण लावता लावता लोयझा खाली बसला आणि उठलाच नाही. दवाखान्यातून घरी आले तर पडद्यावर ओटाकार — 'जिवंत आहे का?' त्याने विंचवाबद्दल विचारलं होतं. मी टाइप केलं — 'जिवंत आहे.' एवढंच. ते लोयझाच्या पत्त्यावरून गेलं, लोयझाचंच झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी दोन. सांगायचं राहून गेलं, आणि मग सांगण्याची वेळ टळून गेली.

आता आठ घरं, चौतीस विंचू, एक चोपडी. कोणाच्या मादीला कोणाचा नर, कधी, किती दिवस — सगळे लोयझाला विचारतात. अर्धांगवायूपासून लोयझाला उजवा हात नाही, उजवा पाय नाही, आणि शब्द एकच उरलाय. 'हो.' भूक लागली तरी हो, अंग दुखलं तरी हो. फोन आला की मी सांगते, त्यांना ऐकायला कमी येतं, लिहून पाठवा.

ब्लाझेना म्हणून मला फक्त त्याला अंघोळ घालायला येणारी यार्मिला विचारते. काय, तर साबण कुठे ठेवलाय.

९ फेब्रुवारी

यार्मिला आली, लोयझाला अंघोळ घातली. विंचवांच्या खोलीसमोरून जाताना अजूनही भिंतीला चिकटून जाते. 'दार बंद आहे ना, बाई?' — बंद आहे. 'नीट बंद?'

नीट बंद. सगळंच नीट बंद आहे.

१५ फेब्रुवारी

इवेटाचं पत्र. झिलिनाची ती पोरगी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते. आमच्यातली सगळ्यात मनापासून करणारी. लोयझाला ती त्याच्या कागदावरच्या नावाने हाक मारते, आलोइस.

'आलोइसकाका, आणखी तीन गेली. कात अर्ध्यावर अडकली आणि चिमटे बाहेर येईनात. मी ओल्या कुंचल्याने सोडवून बघितलं, पाय तुटला. नऊ नंबर आणि अकरा नंबरची चौदा पिल्लं होती, आता एकच आहे. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही मागे म्हणाला होतात तसं दमट ठेवलं, मग कमी केलं, मग पुन्हा वाढवलं. नवरा मला विंचवांची दाई म्हणतो. मला वाटतं हे मला जमणारं नाही.'

लोयझाची जुनी पत्रं काढून बघितली. आजारी पडायच्या आधीच्या वर्षी त्याने तिला लिहिलं होतं — 'निष्काळजीपणा. दमटपणा मोजायला शीक, नाहीतर मांजर पाळ.'

मी तसं लिहू शकले नाही. लिहिलं — 'इवेटा, तू चांगली पाळतेस. धीर धर.' पाठवल्यावर लक्षात आलं, हे लोयझासारखं मुळीच नाही.

तासाभरात उत्तर. 'काका, तुम्ही बरे आहात ना?'

२३ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही कळत नाही. पण मग कुठे लिहू!

झ्विकाऊहून पाकीट आलं. पत्र जर्मन भाषेत. माझी आजी जर्मनच बोलायची, आमच्या शुम्पेर्कमध्ये तेव्हा निम्मे लोक तसेच होते, म्हणून वाचता येतं. रेनाटे नावाच्या बाईने लिहिलंय — वडील जानेवारीत वारले, त्यांचे कागद आवरताना तुमच्या यजमानांचं नाव दिसलं, वडील त्यांची आठवण काढायचे, म्हणून वहीतल्या एका पानाची नक्कल पाठवते.

या म्हाताऱ्याकडूनच लोयझाने पहिले चार विंचू आणले होते. सगळं तिथून सुरू झालं. एक आणि दोन नंबर — अ घराणं. तीन आणि चार नंबर — ब घराणं. आफ्रिकेतल्या दोन वेगळ्या डोंगरांवरचे, एकमेकांचे कोणी नाहीत. चोपडीच्या पहिल्या पानावर लोयझाच्या सुंदर अक्षरात आहे. आमचा सगळा नियम एवढाच की अ ची मादी, ब चा नर. रक्त ताजं राहिलं पाहिजे.

नकलेवर काय आहे? '१८ मे २००८. श्री. आलोइस, शुम्पेर्क. चार पिल्लं, दोन नर, दोन माद्या. चारही एकाच आईची, एकाच वेतातली. त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, चालेल.'

चालेल!

दहा वेळा वाचलं. जर्मन कच्चं आहे म्हणावं, तर तितकं कच्चं नाही.

म्हणजे आम्ही सोळा वर्षं भावाला बहीण देत आलो. इवेटाचा कुंचला नाही, दमटपणा नाही, काही नाही. पिल्लं कातीत अडकून मरतात कारण ती आतूनच कच्ची आहेत. आणि तिला 'मांजर पाळ' म्हणणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं.

२४ फेब्रुवारी

विचारलं. दुपारी सूप भरवून झाल्यावर कागद त्याच्या पुढ्यात धरला.

'झ्विकाऊच्या म्हाताऱ्याने तुला सांगितलं होतं?'

'हो.'

'की सांगितलं नव्हतं?'

'हो.'

'म्हणजे तुला माहीत होतं.'

'हो.'

'का माहीत नव्हतं?'

'हो.'

'लोयझा, तू गाढव आहेस का?'

'हो!' आणि हसला. तोंडाच्या डाव्या बाजूने. मलाही हसू आलं, इतकं आलं की डोळ्यांत पाणी. दोघंही हसत बसलो वेड्यासारखी.

मग त्याने डावा हात उचलला. हळूहळू आणला, कागदावर ठेवला. आणि कागद पालथा घातला.

२७ फेब्रुवारी

उकडलेले बटाटे, बडीशोपेचं सॉस. औषधं तीन वेळा. लिफ्ट बंदच.

५ मार्च

का केलं असेल त्याने? विचार करकरून डोकं दुखलं.

मला तो मे महिना आठवतो. विंचू पाळणाऱ्यांच्या ओलोमोउत्सच्या मंडळात त्याने आधीच सांगून टाकलेलं — दोन घराणी आणतो, आपण सगळे मिळून वाढवू, डोंगरावरून धरून आणायची गरजच पडणार नाही. लोकांनी पेट्या बनवून घेतल्या होत्या. काहींनी विंचवांना लपायला दगडी पाट्या घासून रचूनसुद्धा ठेवलेल्या. आणि तिथे पोचल्यावर म्हाताऱ्याकडे एकच वेत शिल्लक. रिकाम्या हाताने घरी येणं लोयझाला कधी जमलंच नाही. बाजारात टोमॅटो नसले तर भोपळा आणायचा, पण पिशवी भरलेली पाहिजे.

त्या संध्याकाळी दारात उभा होता, चार डब्या हातांत. 'ब्लाझेना, आपण आता मोठी माणसं झालो!' मी म्हटलं, बूट काढ आधी.

पुढे सांगीन म्हणाला असेल मनात. पुढे दुसरं रक्त मिळेल, गुपचूप घालू, चूक भरून काढू. मग आठ घरं झाली. मग लोक त्याला मान द्यायला लागले. आयुष्यभर सूतगिरणीत यंत्रांना तेल घालणारा माणूस, त्याला प्रागहून फोन यायचे. मी त्याला नावं कशी ठेवू? मीही 'जिवंत आहे' एवढंच लिहिलं होतं.

पण आता कोणी सांगायचं? लोयझा म्हणून मी कबुली लिहिली, तर ते शब्द त्याच्या तोंडात माझे. तो 'नाही' म्हणूच शकत नाही! ब्लाझेना म्हणून लिहिलं, तर जिवंत नवऱ्याची, समोर बसलेल्या, मुक्या नवऱ्याची चुगली. आणि गप्प बसले, तर एप्रिलमध्ये बारा नंबर इवेटाकडे जाईल, दीड वर्षाने पुन्हा चौदा पिल्लं होतील, आणि ती पुन्हा ओला कुंचला घेऊन बसेल.

तिन्ही दारं बघितली. तिन्हींच्या मागे भिंत.

१४ मार्च

झाली!

सकाळी पाणी शिंपडायला गेले तर सहा नंबर दोन पाट्यांच्या मधे उंच उभी. पोट रिकामं, चपटं. आणि पाठीवर पांढरी गर्दी! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते उगाच नाही. मऊ, पिठाच्या गोळ्यांसारखी, एकमेकांवर चढलेली. विंचू चमकवणारा जांभळा दिवा लावला. आई हिरवी निळी पेटली, पिल्लं मात्र अजून अंधारीच. बावीस मोजली. पुन्हा मोजली, बावीसच. इतकं मोठं वेत चोपडीत कधीच नाही.

लोयझाला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत नेलं. उंबरा चढत नाही, म्हणून दारातूनच. मी पेटी उचलून त्याच्यापुढे धरली. आई नांगी वर करून मलाच दम देत होती. तो बराच वेळ बघत राहिला. हो म्हणाला नाही.

सोळा महिने मी याची वाट बघत होते, आणि आता कोणाला सांगता येत नाही. प्रत्येकावर काय नंबर घालू? प्रत्येक नंबर खोटा.

१९ मार्च

ओटाकार — 'म्हाताऱ्या, झाली का बाळंतीण? माझ्या बाराचं नाव निघेल असं काही असेल तर सांग.'

उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच.

२२ मार्च

यार्मिलाने आज दार उघडलं! स्वतःहून! मी स्वयंपाकघरात होते. 'बाई, मी फक्त डोळे मिटून बघते,' म्हणाली. मग बघितलंच तिने. 'अगं बाई... ही तर पाठीवर घेऊन फिरते सगळ्यांना. हिला कोण उतरवून घेणार?'

मी म्हटलं, कात टाकली की आपणच उतरतात.

'आणि तुम्हाला?' म्हणाली. उत्तराची वाट न बघता बादली भरायला गेली.

२६ मार्च

फोन वाजला. इवेटा. मी नेहमीचं सुरू केलं — त्यांना ऐकायला कमी येतं —

'माहीत आहे काकू, म्हणूनच तुम्हाला केला. तुम्हीच काकांना सांगा. मी लिहायला बसले की रडू येतं. शेवटचंही गेलं.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'काकू, मी वही ठेवली आहे. दमटपणाची, उष्णतेची, दर तीन तासांची. कामावर असले तर शेजारणीकडून लिहून घेते. काकांना म्हणावं, वही पाठवते, त्यांनी लाल पेन्सिलीने माझ्या चुका दाखवाव्यात. मला फक्त कळू दे काय चुकलं. मग मी सोडून देईन. न कळता सोडायचं, ते जमत नाही.'

'सांगते,' म्हटलं.

'रागावतील का?'

'नाही रागावणार.'

'तुम्ही किती चांगल्या आहात, काकू.'

फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. मागून लोयझाचा आवाज. 'हो? हो?' बहुतेक, कोण होतं, असं विचारत होता.

२ एप्रिल

दोन पत्रं लिहिली. दोन्ही त्याला वाचून दाखवली. कालचा ईस्टरचा सण तसाच गेला, ना रंगवलेली अंडी ना कोणी दारात. म्हटलं आज तरी काहीतरी करायचंच.

पहिलं त्याच्या नावाचं. 'मित्रांनो, मी तुम्हाला फसवलं.' दुसऱ्याच वाक्याला त्याचा चेहरा लाल झाला. हो, हो, हो, हो! डावा हात खुर्चीवर आपटायला लागला. हा होकार आहे की नकार? पाठव म्हणतोय की फाड म्हणतोय? मला सांगता आलं नाही. बेचाळीस वर्षं संसार केला आणि सांगता आलं नाही.

तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. त्याच्या नावाने मी विंचवांच्या खाण्याच्या रातकिड्यांबद्दल लिहिलं, दगडी पाट्यांबद्दल लिहिलं, ओटाकारला शिव्याही दिल्या. ते चाललं. पण कबुली उसनी देता येत नाही. ती ज्याची त्याने द्यायची, आणि त्याची आता त्याला देता येणार नाही. कधीच. माझी मात्र मला देता येते.

फाडलं पहिलं.

दुसरं छोटं आहे. उतरवून ठेवते —

'मी ब्लाझेना. लोयझाची बायको. नोव्हेंबर २०२२ पासून तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मी लिहिलं आहे. त्याला अर्धांगवायू झाला, तो बोलू शकत नाही. मी हे लपवलं, कारण तुमची पत्रं बंद झाली असती. सोबत झ्विकाऊच्या वहीची नक्कल आहे. पहिले चार एकाच आईचे होते. दोन घराणी कधीच नव्हती. लोयझाने तेव्हा काय विचार केला मला माहीत नाही, आणि तो सांगू शकत नाही, म्हणून त्याला प्रश्न विचारू नका, मला विचारा. इवेटा, तुझं काहीही चुकलेलं नाही. वही पाठवू नकोस. लाल पेन्सिल आमच्यावर चालवायला हवी.'

वाचून होईपर्यंत त्याचा डावा हात मांडीवरच होता. मग मान खिडकीकडे वळवली. मी बटण दाबलं.

३ एप्रिल

कोणाचंच नाही.

४ एप्रिल

कोणाचंच नाही. पेट्यांत पाणी शिंपडलं. बावीसच्या बावीस आहेत.

६ एप्रिल

आली, सगळी एकदम आली, ठरवून आल्यासारखी.

ब्रनोचे दोघं भाऊ — 'आमची नावं काढा. विंचू विकून टाकतो, तुमच्या नंबरांशिवाय.' पोलंडचे मास्तर — चार ओळी, सभ्य, आणि शेवटी 'खेद वाटतो' तीन वेळा. प्रागच्या साहेबांनी मंडळात तक्रार करतो म्हणून लिहिलं, आणि खाली, 'सोळा वर्षं!' दोघांनी काही न लिहिता फक्त यादीतून बाहेर पडल्याचं कळवलं.

आठ घरांतली पाच गेली. लोयझाचं सगळं आयुष्य संगणकाच्या एका पडद्यावर मावलं.

इवेटाचं एकच वाक्य — 'म्हणजे माझं चुकत नव्हतं.'

तेवढंच. रागावली आहे, रडली आहे, हसली आहे, काही कळत नाही. पण ते वाक्य मी किती वेळा वाचलं!

ओटाकारचं काहीच नाही. तो तर पानभर शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याच्या शिव्यांची वाट बघतेय मी. काय दिवस आले.

१३ एप्रिल

ओटाकार आला! न कळवता, ऑस्ट्रावाहून दोन गाड्या बदलून, चार मजले पायी. दार उघडलं तर धापा टाकत उभा. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, 'ब्लाझेनाबाई, या लिफ्टवाल्याला आमच्या ट्रामच्या आगारात पाठवा, दोन दिवसांत माणूस करतो त्याला.' हातात खसखशीच्या गोड पावांचं पुडकं. बायको गेल्यापासून स्वतः भाजतो म्हणे.

प्रत्यक्ष असा पंचवीस वर्षांत तीनदा भेटला असेल. पत्रांत केवढा मोठा वाटायचा. बुटका आहे!

लोयझासमोर खुर्ची ओढून बसला. बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून — 'काय रे म्हाताऱ्या!'

'हो!' लोयझाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. सतरा महिने मी त्याचे मित्र त्याच्यापासून लपवले होते, हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

'ही बाई सतरा महिने मला गाढव म्हणत होती, तुझ्या नावाने! आणि मला वाटत होतं, म्हातारा हल्ली किती सुधारलाय. शिव्या कमी, पण काय नेमक्या!'

'हो.'

'तुझ्यापेक्षा बरं लिहिते.'

'हो!'

हसले दोघं. मी कॉफी केली. पाव कुस्करून दुधात घालून लोयझाला भरवला, ओटाकारने चमचा माझ्या हातातून घेतला आणि उरलेला त्यानेच भरवला. न सांडता. म्हणाला, बायकोचं दोन वर्षं केलंय.

मग मीच विषय काढला. सगळे गेले, आता चोपडी बंद करू. बारा नंबर तुमच्याकडेच राहू दे, जोड्या लावायच्या नाहीत. एवढं बोलले आणि त्याचं हसू मावळलं. कपाकडे बघत बसला. म्हणाला, 'पिल्लं दाखवता?'

पेटीसमोर उभा राहिला. आठवड्यापूर्वी कात टाकून उतरली आहेत ती, आता तपकिरी, पाटीखाली ओळीने बसतात.

'किती मेली?'

'एकही नाही. बावीस.'

'कातीत कोणी अडकलं?'

'कोणीच नाही.'

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, जिने चढल्याचं आता जाणवतंय. पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाला. लोयझासमोर पुन्हा जाऊन बसला, त्याचा लुळा हात हातात घेतला, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. 'लोयझा, मी —' आणि एकदम उठून, 'साडेतीनची गाडी आहे.' साडेतीनची गाडी शनिवारी नसते. मला माहीत आहे, त्यालाही माहीत असणार.

रागावलाय. राग चेहऱ्यावर आणायचा नाही म्हणून पाव घेऊन आला, आणि शेवटी राहवलं नाही. त्याचंही बरोबरच आहे. आता खरंच कोणी उरलं नाही.

१४ एप्रिल

सकाळी सातला फोन. ओटाकार. नमस्कार नाही, काही नाही.

'ब्लाझेनाबाई, बारा नंबर मेला.'

'कधी? काल तर —'

'२०१७ साली. लोयझाने माझ्याकडे दिला आणि वर्षभरात माझ्या हातून सुकून मेला. लाज वाटली. ब्रनोच्या बाजारात एका हंगेरियन माणसाकडे तीच जात होती, त्याने स्वतः आफ्रिकेतून आणलेली. तसाच एक नर घेतला आणि बारा नंबरची चिठ्ठी लावली. सात वर्षं तोच फिरतोय सगळीकडे. काल सांगायलाच आलो होतो, पण त्याच्या तोंडाकडे बघून जीभ उचलेना.'

मी फोन कानाला धरूनच चोपडी ओढली. बाराव्याची पिल्लं बोटाने शोधत गेले — पोलंडच्या मास्तरांकडे नऊ, नऊही जिवंत. प्रागला अकरा, सगळी जिवंत. आमची बावीस. जी मेली त्यांच्यात बाराव्याचं एकही नाही. एकही नाही!

'ऐकताय ना? द्या शिव्या. लोयझाच्या नावाने द्या, तुमच्या नावाने द्या —'

'ओटाकार, त्या हंगेरियन माणसाचं नाव काय?'

'कशाला?'

'पहिल्या पानावर लिहायचंय, ब घराण्यासमोर.'